दार लावून केलेली समुद्रसफर

"तुम्ही जा, मी घरी थांबते."

आमची श्रावस्ती, म्हणजे श्रावी, हे इतकं शांतपणे म्हणाली की मला रागही येईना. ती दहा वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत आम्ही तिला एका वॉटरपार्कला नेलं होतं. तिथल्या भोंग्यांच्या गदारोळात ती दिवसभर कपडे बदलायच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसली. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की हेच उत्तर.

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, लगेच निदान केलं. "पोर माणूसघाणी झालीय. तुम्ही दोघं जा, मी राहते तिच्यासोबत." माझा नवरा संदेश वाद टाळण्यात पटाईत आहे, त्याने मान डोलावली. मला मात्र धस्स झालं. आज सहल, उद्या एखादं लग्न, परवा आणखी काही. हिला मागेच ठेवायचं असं घरात एकदा ठरून गेलं, की ही मागेच राहणार. मग मी हट्टालाच पेटले. अशी एक सहल करायची, की तिथून आल्यावर ही पोरगी आपणहून पुन्हा जाऊया म्हणेल.

क्रूझचं नाव काढलं तेव्हा परळला माझ्या लॅबमधल्या मैत्रिणी हसल्या. क्रूझ म्हणजे डीजे, रोषणाई आणि खाण्यावर तुटून पडलेली माणसं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण जहाजात एक गोष्ट मला फार आवडली, तिथे आपली खोली आपल्याबरोबर प्रवास करते. आवाज सहन होईना, तर जिना उतरायचा आणि आपल्या अंथरुणावर पडायचं. बसच्या सहलीत ही सोय कुठे असते?

तुमच्याही घरी असं मूल असेल, किंवा तुम्हालाच गर्दीचा वीट आला असेल, तर मी काय केलं ते सांगते. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवारची मुंबई-गोवा-मुंबई फेरी घेतली. मधल्या वारी तिकीट बरंच उतरतं आणि माणसंही कमी असतात. जानेवारी होता, शाळेला दांडी मारली. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर मागितली, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. वर-खाली थिएटर किंवा हॉटेल नाही ना, हे नकाशात बघून घेतलं. छोट्या गॅलरीची खोली महाग पडते, पण आईंना धरून आम्ही चौघांत एकच घेतली. हॉटेलातल्या दोन खोल्यांच्या मानाने फार जास्त नाही झालं. घरचं खाणं मात्र नेऊ देत नाहीत. आईंच्या पिशवीतून जवळ्याची चटणी निघाली, ती तपासणीवाल्याने नाक न मुरडता बाजूला काढून ठेवली. उतरताना परत मिळेल असं तो म्हणाला, तरी आईंना तिची काळजी होती.

चिंचपोकळीहून बॅलार्ड पिअरला टॅक्सीने गेलो. जे. जे. पुलावर गर्दी नसेल तर अर्धा तास पुरतो. आम्हाला दिलेल्या वेळेच्या अगदी शेवटाला पोचलो, हे मुद्दाम. लवकर येणाऱ्यांची रांग लांबलचक असते, उशिरा येणाऱ्यांना रांगच लागत नाही. श्रावी कानावर हेडफोन चढवून, माझा दुपट्टा धरून चालत होती. आत शिरल्यावर संकटाच्या वेळी काय करायचं याचा एक सराव असतो, भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी ठरल्या जागी जायचं. त्यातून सुटका नाही, पण मी आधीच सांगून ठेवल्याने जहाजवाल्यांनी आम्हाला भोंग्यापासून लांबची जागा दिली. विचारलं की मिळतं, असा माझा अनुभव आहे.

जहाज सुटताना वर नाचगाणं चालू होतं. आम्ही आमच्या गॅलरीतून मुंबई मागे जाताना पाहिली. श्रावीने हेडफोन काढला. "आई, पाण्याचा आवाज चालतो मला," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच मी चुकले. संदेशला घेऊन मी जेवणाच्या वेळा बघायला वर गेले.

परत आलो तर आमच्या खोलीचं दार सताड उघडं. जहाजावरची दारं आपोआप बंद होतात, म्हणून आईंनी आमची मोठी बॅग मध्ये अडकवली होती. आत पाच माणसं बसली होती. घाटकोपरचं एक जोडपं, नागपूरच्या शोभाकाकू, आणखी दोघी कोण होत्या देव जाणे. आई किटलीतलं पाणी ओतून सगळ्यांना चहा देत होत्या आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू सख्खी नणंद भेटायला आलीय. श्रावी कुठेच दिसेना. ती बाथरूममध्ये आतून कडी लावून बसली होती.

"मला घरी जायचंय," आतून आवाज आला.

घरी कसं जाणार? खाली समुद्र होता. पाहुणे समजूतदार होते, कप ठेवून निघून गेले. तेवढ्यात खोल्यांची देखभाल करणाऱ्या फिलोमिनाबाई आल्या, गोव्याच्या, पन्नाशीच्या. बॅग बघून म्हणाल्या, "आजी, दार उघडं ठेवता येत नाही हो. आग लागली तर हीच दारं वाचवतात." त्यांनी बॅग हळूच आत सरकवली आणि दार लागलं.

मी आईंवर भडकले. "आई, हे काय घर आहे का आपलं?"

"मी काय वाकडं केलं?" आई पलंगाच्या कडेला बसल्या. "माणसं आली, चहा दिला. दिवसाढवळ्या दार लावून बसलं की मला वाटतं, घरात भांडण झालंय नाहीतर कोणतरी आजारी आहे. आपल्या चाळीत बघितलंस तू कधी दार लावलेलं?"

खरंच नव्हतं बघितलं. आमच्या चाळीत दिवसा कडी लागली की शेजारीण विचारायला येते, काय झालं म्हणून. आई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या एका खोलीत आठ माणसं राहायची. दार उघडं असेल तरच गॅलरी आपली, आणि गॅलरी आपली असेल तरच श्वास घ्यायला जागा. त्यांनी जन्मभर हेच केलं होतं.

बाथरूमच्या दारामागून श्रावी बोलली. "आजी, मला माणसं नकोत असं नाही. सगळी एकदम नको."

आई उठून त्या दाराशी गेल्या. विचारलं, "मग किती चालतील, बाय?"

"एक," आतून उत्तर आलं.

आईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड दाबलं. "बरं. आता एकसुद्धा नाही. तू बाहेर ये." कडी निघाली. त्या रात्री आम्ही चौघांनी खोलीतच जेवण मागवलं. वरणभात सपक होता, पण कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. आता माझी सगळ्यात मोलाची सूचना ऐका: उतरू नका. नाश्ता झाला की सगळे धावत खाली जातात, बसेस भरून निघून जातात, आणि एवढं मोठं जहाज रिकामं होतं. आईंना हे पटेना. "गोव्यात येऊन गोवा बघायचा नाही? विहारातल्या बायकांना काय सांगू?" मी त्यांच्या वतीने संदेशला पाठवलं. तो एकटा उतरला, सुरमईची थाळी हाणून दुपारी परत आला आणि गोवा आहे तिथेच आहे असं त्याने आईंना कळवलं.

जहाजावरच्या पोहण्याच्या तलावावर त्या सकाळी आम्ही आणि एक म्हातारे गृहस्थ, एवढेच. गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. गाणी बंद होती. श्रावी पाण्यात उतरली ती बाहेर यायचं नावच घेईना. आई लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेऊन काठावर पाय सोडून बसल्या, आणि नात पोहत जवळ आली की पायाने तिच्यावर पाणी उडवू लागल्या.

तेवढ्यात शोभाकाकू दिसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्याही उतरल्या नव्हत्या, लांब एका खुर्चीत एकट्याच बसल्या होत्या. आईंची चुळबूळ मला दिसत होती. हाक त्यांच्या ओठांवर आली असणार. पण त्यांनी ती गिळली आणि नातीकडे वाकून विचारलं, "त्या बाईंना बोलवू का गं? एकच आहेत."

श्रावीने काकूंना नीट निरखलं. "बोलव. पण मोबाइलवर गाणी नको."

मला त्या क्षणी आईंना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे सासूला मिठी मारायची पद्धत नाही, म्हणून मी उठून चहा आणायला गेले. परत आले तर तिघींनी पत्त्यांचा पाच-तीन-दोन मांडला होता. तो डाव तिघांचाच असतो, चौथ्याला त्यात जागा नाही, त्यामुळे माझी तिथे गरज नव्हती. मी चहा घेऊन कठड्याशी उभी राहिले. मागून शोभाकाकूंचा आवाज येत होता, "अगं, ही पोरगी तर हुकूम लपवून खेळते, मला लुटलं की हिनं." श्रावी खुदकन हसली. परक्या माणसासमोर तिला असं हसताना मी खूप दिवसांनी ऐकत होते. डोळे भरून आले, पुसायची घाई केली नाही.

तिसरा दिवस सगळा समुद्रातच गेला. संदेशला जरा मळमळलं, आल्याची वडी आणि दूरच्या क्षितिजाकडे बघत बसणं, दोन्ही उपयोगी पडलं. जेवायला आम्ही जेवणघराची दारं उघडताच जायचो आणि गर्दी यायच्या आत उठायचो. दुपारी दार लावून सगळे झोपायचो. आई पहिल्या दिवशी दाराकडे तोंड करून पडल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मात्र घोरल्या. संध्याकाळी श्रावीला जादूचे प्रयोग बघावेसे वाटले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. ढोलासारखं काहीतरी वाजायला लागलं आणि तिने माझा हात दाबला. आम्ही उठून आलो. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, "कबुतर तर बघितलं." सहल फुकट गेली असं कोणाच्या मनात आलं नाही. आईंच्याही नाही, त्यांनीच तिला गॅलरीत नेलं आणि अंधारातल्या होड्यांचे दिवे दाखवले.

गुरुवारी सकाळी मुंबई. जवळ्याची चटणी मात्र गेली ती गेलीच, सामान परत देणाऱ्या खिडकीवरच्या माणसाला तिचा पत्ता नव्हता. आई टॅक्सीत बसेपर्यंत तेच बोलत होत्या.

ही सहल सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. चार दिवसांत जास्तीत जास्त बघायचं असेल, तर तेवढ्या पैशांत दुसरं बरंच काही होतं. आम्ही फारसं काही बघितलं नाही. फोटोही कमी आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत आई डोळे मिटून बसल्यात. माझी मुलगी बदलली असंही नाही. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती अर्ध्यातून घरी आली. पण ती गेली होती, आणि आली तेव्हा घरात कोणी तिला माणूसघाणी म्हटलं नाही.

त्या गुरुवारी चाळीत पोचलो तेव्हा गॅलरीत अर्धा मजला जमला होता. बोट केवढी होती, उलट्या झाल्या का, सगळे एकदम विचारत होते. श्रावी सटकन आत गेली. आई बॅग खाली ठेवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. "सगळे नाही हां. पोरगी दमलीय. मंगल, तू ये आधी." शेजारच्या मंगलमावशी जरा चकितच झाल्या, पण आत आल्या. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी चहा ठेवत होते. श्रावीने त्यांना तलाव सांगितला, पत्ते सांगितले, कबुतर सांगितलं. मावशी पदराचं टोक हातात धरून ऐकत होत्या.

मग श्रावी थांबली, आणि जरा विचार करून तिने विचारलं, "पुढच्या वेळी आम्ही जाऊ तेव्हा तुम्ही येणार का?"