कपाळावरचा बिंदू

तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला लातूरची ती शिकवणी आठवते. भूकंपानंतर स्लॅबखाली बसायला कुणी धजत नव्हतं, म्हणून गणिताच्या सरांनी पत्र्याचं शेड ठोकलं होतं. फळ्यावरचं उत्तर वहीत उतरलं की गणित झालं, एवढीच त्यांची अक्कल. एका दुपारी त्यांनी सांगितलं, "बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते." मी घामाघूम उभा राहिलो. "मग सर, तो असतो कुठं?" सर तरातरा आले, ओल्या स्पंजावर खडू घासला आणि माझ्या कपाळावर टेकवला. "हितं हाय! दिसायलाय का रे सगळ्यांना? शिकवणी सुटंपर्यंत पुसायचा न्हाई." हसण्यानं शेड दणाणलं. बिंदू, आकडे खरंच असतात का आणि असले तर कुठं, याच प्रश्नावर पुढं परदेशात माझी सगळी हयात गेली, पुस्तकं झाली. परवा लातूरला आलो, तर चौकात सरांचं भलंमोठं होर्डिंग. 'आमचाच विद्यार्थी' म्हणून माझा फोटो, आणि त्यात नेमका माझ्या कपाळावर शिकवणीचा गोल शिक्का छापलेला. या बिंदूला मात्र लांबी-रुंदी भरपूर आहे.