दौंडहून आणलेले दोन पिकअप

सोल्डरचा वास आला की वडगाव रासाईचा तो मांडव आठवतो. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी इलेक्ट्रिक गिटार वाजवीत असे. पण जनरेटर सुरू झाला की तारांचा कंप टिपणारा तिचा जुना पिकअप घुमू लागे. “आप्पा, आज घुमली तर गिटार पेटीत ठिवायची,” गायिकेने बजावले होते. दौंडहून दोन पिकअप आणले होते, एक तारेच्या एकेरी वेटोळ्याचा, एक दुहेरी. दुकानात एकेरी वेटोळ्याचा अधिक खणखणीत वाटला. पण तेथे जनरेटर नव्हता. म्हणून मांडवातच दोन्ही सोल्डरने जोडून पाहिले. एकेरी घुमला. दुहेरी जोडला, आणि जनरेटर धडधडत असताना गिटार गप्प राहिली. तार छेडताच स्वच्छ, भरदार स्वर उमटला. “ह्योच! ह्योच ठिवा!” गायिका ओरडली. पार्टीत बसून वाजवण्याची रीत होती. त्या संध्याकाळी घुमण्याची धास्ती उरली नव्हती, म्हणून मी उभा राहून वाजवू लागलो. “आप्पा, बसा की, मागं दिसंना!” श्रोत्यांतून आवाज आला. मी बसलो नाही. त्याचा मला आजही खेद नाही.