तोंडपाटीलकीचा अभ्यासक्रम

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर एक माणूस बसला आहे आणि त्याने आयुष्यात कधी बुटाची नाडी बांधलेली नाही. त्याला ती तुम्ही शिकवायची आहे, पण तुमचे दोन्ही हात पाठीमागे. बोट दाखवायचं नाही, मानेने खुणावायचं नाही, ‘अरे असं नाही, असं’ म्हणायची तर सोयच नाही. फक्त तोंडाने सांगायचं. त्यातून हा माणूस भलता इमानदार आहे. तुम्ही म्हणाल तेच करतो, तुमच्या मनात काय होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘ओढ’ म्हणालात तर नाडी भोकांतून पार बाहेर ओढून काढतो आणि आता पुढे काय, म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसतो.

करून बघा एकदा. घरातलं कुणीही चालेल. फक्त ज्याच्याशी आधीच भांडण सुरू आहे, असं माणूस निवडू नका.

ताईला नेमकी तशीच माणसं मिळाली होती. आणि नाडीऐवजी होती एक अख्खी ढकलगाडी.

ताई घरातली थोरली. वडील मालवाहू गाडी चालवत, त्यामुळे त्यांचा दिवस रस्त्यावर जायचा. आई कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची आणि घरी आली की आधी पाय वर करून बसायची. त्यामुळे नळ गळायला लागला, ताईला सांग. पंखा कुरकुरतोय, ताईला सांग. ताईही सांगायची वाट बघत नसे. धाकट्या बहिणीला शाळेत पवनचक्की करायला सांगितली होती, ती ताईनेच केली, इतकी झकास की धाकटीला पहिलं बक्षीस मिळालं. मग बाईंनी कौतुकाने विचारलं, “पाती अशी तिरकी का गं लावलीस?” धाकटी म्हणाली, “ताईला विचारून सांगते.”

घरी सगळे पोट धरून हसले. ताईही हसली. खरं तर तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती, असं ती आता म्हणते.

विद्यापीठात जाणारी ती घराण्यातली पहिलीच. यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा वडिलांनी गाडी वाटेत थांबवून तीन वेळा फोन केला होता, दर वेळी तेच विचारायला: “नक्की ना?” अभ्यासाला ती घाबरत नव्हती. तिला हसू आलं ते एका विषयाचं. ‘गटकार्य आणि संवाद.’

“गप्पा मारायला विद्यापीठ कशाला लागतं?” ती आईला म्हणाली.

“जीभ असली की झालं, असं असतं,” आई म्हणाली, “तर आमच्या लाइनीत रोज उठून भांडणं झाली नसती.”

त्या विषयात चौघाचौघांचे गट पाडले होते. ताईच्या गटात एक लंबू होता, दाराच्या चौकटीला नमस्कार करत आत येणारा आणि बोलण्याला सतत गमतीची फोडणी देणारा. एक चष्मेवाली होती, स्पष्ट बोलणारी, इतकी की ऐकणाऱ्याने आधी जरा सावरून बसावं. आणि एक मफलर. तो बारा महिने गळ्यात मफलर घालायचा आणि बोलायचा इतकं हळू, की मफलरच सगळे शब्द पिऊन टाकतोय असं वाटावं.

काम मात्र छान मिळालं होतं. प्रयोगशाळेच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नव्हती. स्टोअरवाले काका काचेच्या बाटल्यांचे खोके छातीशी धरून जिना चढायचे आणि प्रत्येक वळणावर कंबर धरून उभे राहायचे. त्यांच्यासाठी जिना चढणारी गाडी करायची. दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी चौकट, चौकटीच्या तिन्ही टोकांना एकेक चाक. सपाट जमिनीवर खालची दोन चाकं धावतात, पायरी आली की अख्खा त्रिकोण फिरतो आणि वरचं चाक पुढच्या पायरीवर टेकतं.

ताईने पायरी मोजली, आराखडा काढला, पत्रा कापला, भोकं पाडली. बाकीचे तिघं वर्कशॉपमध्ये यायचे तोवर कालचं ठरलेलं काम होऊन गेलेलं असायचं.

“आम्ही काय करायचं मग?” लंबूने विचारलं.

“धरा ना हे जरा.”

“धरलं. आता?”

“आता सोडा.”

“वा! आज खूप शिकायला मिळालं,” लंबू म्हणाला. त्यानेच तिचं नाव ‘एकखांबी तंबू’ पाडलं, मग घाईत नुसतं ‘तंबू’. ताईला राग आला नाही. तिला तो मानच वाटला. आपण राबतोय म्हणून यांच्या डोक्यावर छप्पर आहे, असा तिचा प्रामाणिक समज होता.

पहिल्या परीक्षणाला मॅडम आल्या. मॅडम शिकवायला लागण्याआधी कारखान्यात होत्या. साडीच्या पदरापेक्षा हातातल्या फडक्याकडे त्यांचं जास्त लक्ष असे. त्यांनी गाडी फिरवून बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, “ताई, तू जरा बाहेर थांब.” सगळे म्हणतात म्हणून त्याही ताईच म्हणायच्या.

दाराबाहेर उभ्या असलेल्या ताईला आतलं सगळं ऐकू येत होतं. म्हणजे, मॅडमचे प्रश्न ऐकू येत होते. उत्तरांच्या जागी शांतताच होती. चौकट त्रिकोणीच का? शांतता. भार वाढला तर आधी काय वाकेल? लंबूचा आवाज आला, “मी वाकेन, मॅडम.” कुणी हसलं नाही.

मग गाडी जिन्यावर नेली. खालचा टप्पा ती ऐटीत चढली. वरच्या टप्प्याच्या पहिल्याच पायरीला चाक कडेखाली अडकलं आणि गाडी तिथेच रुतून बसली. ताईने खांदा लावून रेटलं. स्टोअरवाले काका खालून म्हणाले, “पोरी, असं रेटायचंच असेल तर खोका मीच नेतो की.”

दोन दिवसांनी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. नापास केलं असेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. ऐकायला मिळालं ते निराळंच.

“तुला गटातून काढावं, अशी मागणी आलीय.”

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “मला? मॅडम, सगळं काम मीच केलंय.”

“तक्रार तीच आहे.”

मागणी चष्मेवालीने केली होती. आपला राग तिने ताईला आधी तोंडावर सांगितलाही होता. म्हणाली होती, “मी इथे शिकायला आलेय, तुझा पाना धरायला नाही.” पण ती इतकं पुढे जाईल, असं ताईला वाटलं नव्हतं. गटातून बाहेर म्हणजे विषय राहिला. विषय राहिला म्हणजे वर्ष लांबलं. आणि त्या सगळ्याहून वाईट म्हणजे घरी सांगायचं काय? जिच्यावाचून घरात पान हलत नाही, ती तिघांना नकोशी झाली, हे?

“नियम असा आहे,” मॅडम म्हणाल्या, “की काढायला बाकीच्या सगळ्यांची संमती लागते. मी तिघांना एकेकटं बोलावून विचारलं. एक जण ‘राहू दे तिला’ म्हणाला. किंवा म्हणाली.”

“कोण?”

“ते सांगणार नाही, असा त्यांना शब्द दिलाय.” मॅडमनी फडक्याने टेबल पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं. “राहा. पण अंतिम परीक्षणापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पाना, करवत, पेन्सिलसुद्धा नाही. हात ॲप्रनच्या खिशात. गाडी खोलून ते तिघं पुन्हा जोडतील. तुझं काम फक्त बोलणं आणि ऐकणं.”

“म्हणजे नुसती तोंडपाटीलकी?”

“करून तर बघ,” मॅडम म्हणाल्या. “सोपी नसते.”

लंबूला हे कळलं तेव्हा तो आनंदाने टेबलावरच बसला. “आजपासून तंबू बंद! पाटील, हुकूम सोडा.”

ताईने हुकूम सोडला. “तो बोल्ट घट्ट कर.”

“कुठला?”

“तो तिकडचा.”

“तिकडे सगळे बोल्टच आहेत.”

“अरे, तो… उलटा बसलाय बघ तो!”

चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. “उलटा म्हणजे कुठून बघितल्यावर उलटा? तुझ्या बाजूने की आमच्या?”

ताईचे हात खिशात नुसते वळवळत होते. जे काम तिने डोळे मिटून केलं असतं, त्याचं एक वाक्य तिला धड करता येत नव्हतं. पहिल्या दिवशी एक चाक बसलं आणि तेही आतली बाजू बाहेर करून. दुसऱ्या दिवशी तिने घरातून निघतानाच वाक्यं घोकली. ‘जिन्याकडे तोंड करून उभं राहिलात तर उजवीकडच्या चौकटीचं वरचं टोक.’ हे चाललं. तरीही काहीतरी चुकायचंच. शेवटी वैतागून ती म्हणाली, “मी काय सांगितलं, ते तूच मला परत सांग बरं.” लंबूने सांगितलं. तिने सांगितलेलं आणि त्याने ऐकलेलं, दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांबद्दल होतं.

घरीही तिला तीच सवय लागली. धाकटीच्या सायकलची साखळी निसटली, तेव्हा ताई हात खिशात घालून शेजारी उकिडवी बसली आणि नुसती विचारत राहिली. “पुढे ओढलीस तर काय होतं? आणि मागे?” धाकटीचे हात काळे झाले, नाकही काळं झालं, पण साखळी बसली. दारातून आई बघत होती. म्हणाली, “आज हिचे हात कुणी बांधले? त्यांना चहाला बोलवा.”

मग गाडी पुन्हा जिन्यावर न्यायचा दिवस आला. वरच्या टप्प्याला चाक पुन्हा तिथेच अडकलं. एरवी ताईने खांदा लावला असता. आता लावता येईना, म्हणून तिने विचारलं, “का अडकत असेल?” हा प्रश्न तिने गटाला पहिल्यांदाच विचारला होता.

ताईच्या जिभेवर उत्तरं नाचत होती, पण तिने तोंड मिटून धरलं. बऱ्याच वेळाने मफलरमधून आवाज आला.

“वरच्या पायऱ्या उंच आहेत. हा टप्पा नंतर बांधलाय. चढताना गुडघ्याला कळतं.”

लंबूने टेप लावून मोजलं. खरंच उंच होत्या. ताईने खालची एक पायरी मोजली होती आणि सगळा जिना तसाच धरून चालली होती.

“अरे, मग आधी बोलायचं नाहीस का?”

“बोललो होतो,” मफलर म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात.”

“मग मी काय म्हणाले?”

“तू म्हणालीस, ‘हो का? तो पाना दे.’”

ताईचे कान तापले. तिने खिशातले हात आणखी खोल घातले आणि म्हणाली, “चुकलं माझं. आता सांग. सगळं सांग, मी ऐकते.”

मफलरने सांगितलं. चौकटीच्या भुजा लांब करू, सगळ्यात उंच पायरीला पुरतील इतक्या. चष्मेवाली म्हणाली, भुजा लांब केल्या तर वाकतील, मग मधे पट्टी टाकावी लागेल. लंबू म्हणाला, पट्टी टाकायची तर वेल्डिंग मी करणार, कारण या विषयात आतापर्यंत मी फक्त धरलंय आणि सोडलंय. ताई मधूनमधून एवढंच विचारत होती, “म्हणजे तुझं म्हणणं असं का?” गाडी तिच्या आराखड्यापासून लांब लांब जात होती, आणि तिला काळजीऐवजी हलकं हलकं वाटत होतं.

अंतिम परीक्षणाला मॅडमनी तिला पुन्हा बाहेर उभं केलं. तेच दार, तेच प्रश्न. या वेळी मात्र आतून तिघंही एकमेकांना तोडत बोलत होते. भुजांची लांबी कशी काढली, हे चष्मेवाली सांगत होती, आणि प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होत होतं. एकदा ती म्हणाली, “हा त्रिकोण आमच्या ताईचा आहे,” आणि बाहेर ताईला उगाचच ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसावे लागले.

लंबूने ओढली, तशी गाडी दोन्ही टप्पे चढली. बाटल्या इतक्या किणकिणल्या, की वरच्या वर्गातले विद्यार्थी दारात आले. स्टोअरवाले काका रिकाम्या हातांनी गाडीच्या मागून चढले आणि वर पोचल्यावर त्या हातांचं काय करावं, हे त्यांना कळेना. “खडखड करते,” ते म्हणाले, “पण चढते. देव भलं करो तुमचं.”

आज ताई रुग्णालयांच्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपची प्रमुख आहे. नवीन माणूस आला, की ती त्याच्या हातात पाना देते आणि स्वतःचे हात खिशात घालते. तिच्या ॲप्रनचे खिसे बाकी कशापेक्षाही आधी फाटतात. कुणी हळू आवाजात काही पुटपुटलं, तर अख्खं वर्कशॉप थांबवते. “काय म्हणालास? पुन्हा सांग.” गेल्या वर्षी आलेली एक मुलगी म्हणाली होती, “ताई, तुम्ही आधीपासूनच अशा शांत आहात का हो?” ताई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

गटातले तिघं अजून भेटतात. चहाचा कप समोर आला, की ताईचं एक ठरलेलं असतं. ती विचारते, “आता तरी सांगा.”

“मी तर तुला चंद्रावर पाठवा म्हणालो होतो,” लंबू म्हणतो. “मॅडम म्हणाल्या, तिकडे जिना नाही.”

मफलर हसतो, पण तो कशालाही हसतो. चष्मेवालीवर पूर्वी ताईला संशयच नव्हता, मागणी तिचीच होती. पण आता वाटतं, खोलीत एकटी गेल्यावर तीच विरघळली असेल तर? विचारलं की ती चष्मा पुसायला घेते. मॅडमना विचारलं, तर त्यांनी दिलेला शब्द अजून पाळलाय. आभार कुणाचे मानायचे हे ठाऊक नसल्यामुळे ताई ते तिघांचेही मानते. लंबूच्या आईला खुर्ची लागली, तेव्हा ती स्वतः घेऊन गेली. चष्मेवालीच्या मुलीला सायकलची साखळी लावायला तिनेच शिकवलं, अर्थात हात खिशात घालून. मफलरचा फोन आला, की हातातलं काम खाली ठेवून ती बाहेर शांत जागी जाऊन उभी राहते, त्याचा एकही शब्द निसटू नये म्हणून.

‘कोण’ हा प्रश्न आता तसा मागे पडलाय. तो चहाबरोबर विचारायचा म्हणून विचारायचा. तिला खरं कोडं पडतं ते दुसरंच, आणि ते ती कधीतरी बहिणीजवळच बोलते.

“तेव्हा तर मी कुणाचं अक्षर ऐकून घेत नव्हते गं. मग माझ्यात असं काय दिसलं असेल त्या माणसाला, की ते म्हणालं, ‘राहू दे तिला’?”