एकच खुर्ची

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला जळगावचं विमानतळ आठवतं आणि डोकं फिरतं. मुलासोबत मुंबईला लेकीकडे निघाले होते. रांगेत उभं राहायला नको म्हणून त्याने मला न विचारता चाकाची खुर्ची सांगून ठेवली. "मी काय लंगडी आहे?" म्हटलं, तर कानाशी येऊन म्हणाला, "आई, सगळेच सांगतात. आता उठू नको, माझी शोभा होईल." दिवसभर कापूस वेचणारी मी, खुर्चीतच बसले. विमानतळ एवढंसं, त्या दिवशी तिथे खुर्ची एकच होती. मागून पारोळ्याकडची एक बाई आली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, हात नवऱ्याच्या खांद्यावर. तिने खुर्ची मागितली, तर तिथला माणूस म्हणाला, "या आजींना चालता येत नाही." मी उठायला गेले, मुलाने माझा खांदा दाबला, आणि मी बसून राहिले. विमानापर्यंत उघड्या डांबरावरून जायचं होतं. मला त्या खुर्चीच्या तापलेल्या रेक्झिनवर बसवून ढकलत नेलं, ती शेजारून लंगडत आली, घामाने भिजलेली. पण विमानाला जिना होता आणि खुर्ची काही जिना चढत नाही. मी उठले आणि सवयीने भराभर वर गेले. खालून ती म्हणाली, "अक्का, तुमना पाय ते चांगला शेतस." पाय चांगले आहेत, हे खरंच होतं; मी वळून पाहिलं नाही. मुलगा आजही विचारतो, त्यात एवढं काय झालं. मी सांगते, तुझा हात मला झटकता आला असता, एवढंच झालं.