पाच अक्षता आणि एक विमान

विमानाचं उघडं पोट मी पहिल्यांदा पाहिलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला, आणि माझी जीभ तब्बल अर्धा तास बंद राहिली. घरच्यांना हे आजही खरं वाटत नाही. आत वायरी इतक्या, की सोडवून सरळ केल्या असत्या तर एक टोक थेट स्वारगेटला पोचलं असतं. आणि एवढ्या वायरींत गुंता म्हणून नाही. प्रत्येकीवर नंबर, आणि बोटभर अंतरावर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी. कुणीतरी बसून गजरे ओवल्यासारख्या.

संशोधनासाठी उडणाऱ्या त्या छोट्या विमानात दिशा सांगणारी एक नवी पेटी बसवायची होती. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, तयारी लग्नाएवढी. दोन आठवडे आम्ही नुसती मापं घेत होतो. हत्यारांच्या खणात काळा फोम, आणि त्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचं घर कोरलेलं. संध्याकाळी एक घर जरी रिकामं दिसलं तरी विमान जागचं हलत नाही. या सगळ्यावर राज्य आमच्या माइस्टरचं, म्हणजे हँगरमधल्या मुख्य कारागिराचं. निवृत्तीला आलेला सव्वासहा फुटी माणूस. त्याच्या धाकानं माशीसुद्धा पाय पुसून आत यायची.

पेटी बसवायच्या दिवशी सकाळी बायकोनं माझ्या खिशात अक्षतांची पुडी सारली.

"अहो, खंडेनवमीला पान्या-पक्कडींना हळदकुंकू वाहता, आणि ही पेटी तशीच बसवणार?"

"तिथे चालत नाही तसलं."

"चालत नाही, की विचारलं नाही?"

विचारलं नव्हतं. माइस्टर कॉफीला गेल्यावर मी विमानात कंबरेपर्यंत शिरलो, पेटीच्या रिकाम्या जागेत मोजून पाच अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. मग त्या उचलायला गेलो, तर चारच.

माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतले कच्चे सहा महिने, संपायला तीन आठवडे राहिले होते. विमान दुसऱ्या दिवशी उडायचं होतं. एक तांदूळ तो काय, म्हणून मी पेटी उचललीसुद्धा. पण समोर ते गजरे होते. त्या गाठी मारणाऱ्यानं एकही गाठ सैल सोडली नव्हती. मी पेटी खाली ठेवली.

माइस्टर आला. मी म्हणालो, "आत एक तांदूळ पडलाय."

"शिजलेला?"

"कच्चा. कुंकू लावलेला."

त्यानं कप बाजूला ठेवला. "एकूण किती होते?"

"पाच."

"नक्की?"

"पाचच वाहतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि नोंदवहीत लिहिलं: तांदूळ, लाल, नग पाच. सापडले चार.

मग आम्ही विमानाची जमीन उचकटली. त्याच्या हातात दांडीवरचा आरसा, माझ्या हातात बॅटरी. जेवणाची सुट्टी गेली, कॉफीच्या दोन वेळा गेल्या. जर्मनीत कॉफी चुकते म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यांनाच कळेल. आत प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा बारीक ठिपका होता. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका तुटतो आणि कळतं. असे हजारो ठिपके, जिथे कुणाची नजर वर्षानुवर्षं जाणार नाही अशा अंधारातसुद्धा. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाकतो तसा मी वाकलो. आणि त्या लाल ठिपक्यांत माझा लाल तांदूळ.

माइस्टर ओणवा झाला आणि हळूच फुंकर मारत निघाला. तिसऱ्या कोपऱ्यात एक ठिपका हलला.

त्यानं तो चिमट्यानं उचलला. "नग पाच."

"आता माझं काय?" मी विचारलं.

"आल्झो, तर मग, विमान परवा उडेल. साहेबांना कारण मी सांगतो: तांदूळ." वही मिटत तो म्हणाला, "आतलं हरवलेलं आपणहून सांगणारे मला आजवर दोनच भेटले. पहिला मी."

माझी नोकरी पक्की झाली. पुढची पेटी आली तेव्हा त्यानं हत्यारांचा खण उघडून दाखवला. पक्कडीशेजारी फोममध्ये तांदळाएवढी पाच घरं कोरलेली होती. शपथेवर सांगतो, बायकोला फोटो पाठवलाय.

आता पूजा बाहेर टेबलावर होते. पाची घरं भरलेली आहेत की नाहीत हे तो भिंग लावून पाहतो, आणि मगच मला विमानात डोकं घालू देतो.