कचेरीत मोजलेले श्वास

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. जमीनमोजणीच्या कारकुनीत एकवीस वर्षं गेली. साखळीत आणि नकाशात न बसणारं काही मी कागदावर घेत नाही. हे घेतो आहे, कारण यातले आकडे मी स्वतः तपासले आहेत.

आम्ही केडगावात राहतो. कचेरी नगरला, सायकलने पंचवीस मिनिटं. लढाई चालू असतानाची गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी अकराव्या वर्षी विषमज्वराने गेली, आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात माझ्या पत्नीला तो त्रास सुरू झाला. चूल पेटवता पेटवता हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही... ‘मी आता मरते’ एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हृदयात दोष नाही, मनाने धास्ती घेतली आहे, म्हणाले. औषध म्हणून श्वासच सांगितला — चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर.

तिला एकटीला ते जमेना. म्हणाली, “मी मोजायला लागले की आकडेच पळतात. तुम्ही मोजा.”

मग मी समोर बसून मोजू लागलो. पण ती पुणतांब्याच्या शेतकऱ्याची लेक. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. श्वासालाही तिने तेच लावलं. मी एक म्हटलं की अडखळायची. शेवटी मीही लाभ, दोन, तीन, चार असंच मोजू लागलो. वहीत टिपण ठेवलं होतं : पहिल्या खेपेला शांत व्हायला चाळीस मिनिटं, सतराव्या खेपेला नऊ. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे तिच्या आईचं मनगट मोडलं, म्हणून ती पंधरा दिवस माहेरी निघाली. मला बरोबर चला म्हणाली. मी रजा नाही म्हणून सांगितलं. अकरा दिवसांची रजा शिल्लक होती — ती अडीअडचणीला राहू द्यावी असं मला वाटलं. आईला मोजायला सांग, म्हटलं. तशी हसली. आईचं मोजणं खळ्यावरचं, म्हणाली, पोतं भरल्याशिवाय थांबायची नाही.

आठव्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी कचेरीत क्षेत्रफळांची बेरीज करत होतो. समोरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. एकाएकी माझा श्वास माझा राहिला नाही. याहून नीट मला सांगता येत नाही. आत चार, बाहेर सहा... आपोआप. भीती वाटली नाही. हे थांबवायचं नाही, एवढंच वाटत होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, “काय भाऊसाहेब, बाजरीची रास कचेरीतच लावली वाटतं?”

सगळे हसले. तेव्हा समजलं, मी मोठ्याने मोजत होतो — लाभासकट. मी ओशाळलो. तोंड मिटलं, खोकल्याचं निमित्त केलं. घड्याळात दोन एकवीस. श्वास नेहमीसारखा झाला होता. मी बेरीज पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुणतांब्याहून माणूस आला. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. सासूबाई हात झोळीत बांधून ओट्यावर बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर भांडी घासताना तिला घाबरं झालं, त्यांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं, असं त्यांनी सांगितलं.

“मी म्हनलं, बाई, मी मोजते. तर म्हनली, गप आये, ते मोजत्यात. अन् सावकाश श्वास घेत हुती. मला वाटलं, बसलं समदं खाली. मग येकदम डोळं उघडलं अन् म्हनली, का वो थांबलात? तेवढंच. तशीच गेली.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “तुमी तर नगरला हुता, जावईबापू. मग ती कुनाला म्हनली?”

मी म्हटलं, शेवटच्या घटकेला भ्रम होतो.

त्या घरात घड्याळ नव्हतं. पण ती गेली तेव्हा मनमाडकडची गाडी शिट्टी देत होती, हे सासूबाईंनी आणि शेजारणीने वेगवेगळं सांगितलं. मी स्टेशनवर जाऊन विचारलं. गाडी त्या दिवशी उशिरा, दोन वीसला आली होती. नगरला परतल्यावर कचेरीचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते दोन मिनिटं पुढे होतं.

एक शिकलेले स्नेही म्हणाले, तिची काळजी तुमच्या मनात होती, तीच श्वासात उतरली. असेल. त्याने माझं मोजणं सुटतं, तिचं विचारणं सुटत नाही. चार वर्षं मी हे मांडून पाहतो आहे. उत्तर येत नाही.

सासूबाई मात्र लेक भ्रमात गेली, असं अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ते मीच त्यांना दिलेलं आहे. हे छापून आलं तर अंक घेऊन पुणतांब्याला जाणार आहे आणि त्यांना वाचून दाखवणार आहे, म्हणजे ती शुद्धीत होती एवढं तरी त्यांना कळेल. हे कसं घडलं, असं त्या विचारतील; ते मला सांगता येणार नाही. मग का थांबलात, असंही विचारतील. ते सांगता येईल. लोक हसले म्हणून.