वीस सेकंदांचा तक्ता

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या डिग्रीने काय येतं, असं मुलं विचारतात. मी सांगते, कामाचा वेळ मोजता येतो, यंत्रं नीट मांडता येतात, वाया जाणारी हालचाल दिसायला लागते. दिसूनही मी काय केलं, ते सांगत नाही.

पहिली नोकरी वसई पूर्वेला, विजेचे स्विच जोडणाऱ्या कारखान्यात. मी प्रोबेशनवर. आचोळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी मावशी तिथेच कंत्राटी कामाला होती. साहेबांनी माझ्या हाती स्टॉपवॉच दिलं आणि एक स्विच जोडायला किती वेळ लागतो ते काढायला सांगितलं. मी मावशीसमोर उभी राहिले.

घड्याळ दिसलं की कामगार मुद्दाम हळू होतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मावशीने उलटंच केलं. शेजारच्या पोरीचं पहिलं काम, तिची मान खाली जायला नको, म्हणून बाईने सपाटाच लावला. "लिही गं, बघ हात कसा चालतो!" वीस सेकंद. मला कौतुक वाटलं. त्या कौतुकाची आज चीड येते.

कारण तक्त्यात वेळेशेजारी आणखी एक रकाना असतो. माणूस रोजच्या गतीने काम करतोय की घाईने, ते नजरेने पारखून लिहायचं. रोजची गती म्हणजे शंभर. मावशी सव्वाशेने धावत होती, तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. सव्वाशे लिहिलं असतं, तर रोजच्या गतीचा वेळ विसाऐवजी पंचवीस सेकंद धरला गेला असता. पण साहेब मागे उभे होते, वीस ऐकून खूश होते. मी शंभर लिहिलं.

पुढच्या महिन्यापासून वीस सेकंद हेच सगळ्यांचं टार्गेट झालं. तरण्या मुली कशाबशा पोचायच्या. मावशीची बोटं सुजली. ती मनगटाला फडकं बांधून यायची, डबा अर्धवट टाकून उठायची, तरी मागेच पडायची.

मागे पडणाऱ्यांना काढायची यादी निघाली, त्यात ती होती. तेव्हा मी नवा तक्ता घेऊन साहेबांकडे गेले. रकान्यात सव्वाशे लिहिलं होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"तेव्हा लिहिलंस ते खोटं, की आत्ता लिहिलंयस ते?"

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मी नवा कागद उचलला आणि बाहेर आले. त्याच आठवड्यात मी पर्मनंट झाले आणि मावशीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. फडकं अजून मनगटालाच होतं.

"तुझं पक्कं झालं ना गं?"

"झालं, मावशी."

"मग बास," म्हणाली, आणि सुजल्या हाताने माझी दृष्ट काढली.